विणकाम ग्रुप : पाठ झाली, बाह्या अडल्या

शनिवार

ए-५०१: सुप्रभात मंडळी. स्वेटरची पाठ मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही जोडतात तिथपर्यंत आली, फोटो टाकलाय. दोन्ही वेण्या (टाके एकमेकांवरून नेऊन केलेले पीळ) आतल्या बाजूला वळतात ते मुद्दाम केलंय. आधीच सांगून ठेवते, नाहीतर बी-१०१ आजींचा फोन येईल.

बी-१०१: फोन करणारच होते. वेण्या छान उठल्यात. बॉर्डर मात्र सैल दिसतेय. अंगापेक्षा बॉर्डरला दोन नंबर बारीक सुई घ्यावी.

ए-५०१: घेतलीय हो आजी. बॉर्डर १० वर, अंग ८ वर. फोटोसाठी ओढून पसरलंय म्हणून तसं दिसतंय.

बी-१०१: मग ठीक.

बी-३०४: आमचे हे विचारतायत, स्वेटर ह्याच थंडीत घालायला मिळणार की पुढच्या?

ए-५०१: त्यांना म्हणावं, एक बाही तुम्ही घ्या विणायला.

ए-२०३: मला एक विचारायचं होतं. नेटवर एक मस्त अमेरिकन पॅटर्न मिळालाय. ८ नंबरची सुई लिहिलीय, आणि माझ्याकडे ८ ची जोडी आहेच. आजच टाके घालू का?

सी-४०२: थांब, थांब. तुझी ८ म्हणजे ४ मिमी. ते जुने ब्रिटिश नंबर आहेत, नंबर वाढला की सुई बारीक होते. १४ नंबरची सुई २ मिमी असते बघ. अमेरिकन नंबरांचं नेमकं उलटं, आकडा वाढला की सुई जाड. त्यांची ८ म्हणजे ५ मिमी.

ए-२०३: बाप रे. म्हणजे मला कुठली लागेल?

सी-४०२: ब्रिटिश ६. पण सुईवर विसंबू नकोस. पॅटर्नमध्ये १० सेंमीत किती टाके लिहिलेत?

ए-२०३: १८ टाके, २४ ओळी.

सी-४०२: मग ५ मिमीवर ३० टाके घालून एक चौकोन विण. मोजताना कडेचे टाके धरायचे नाहीत, मधलेच मोजायचे.

ए-२०३: काका, खरं सांगू? असा नमुन्याचा चौकोन विणायचा जाम कंटाळा येतो. थेट पाठच घेतली आणि जाता जाता मोजलं तर नाही चालणार?

सी-४०२: हिशेब करून बघ. १०० सेंमी छातीचा स्वेटर, १० सेंमीला १८ टाके, म्हणजे पाठपोट मिळून १८० टाके. तुझा हात सैल असला आणि १८ च्या जागी १६ च बसले, तर तेच १८० टाके साडेएकशेबारा सेंमी होतात.

बी-३०४: त्यात मी आणि हे दोघंही मावू.

बी-१०१: आणि चौकोन धुऊन वाळवल्याशिवाय मोजू नकोस. लोकर पाण्यातून काढली की पसरते. मोजताना टेबलावर ठेवायचा, वर पट्टी. हातात धरून ताणलास तर हवं ते माप येतं, आणि सगळ्याजणी नेमकं तेच करतात.

ए-२०३: आणि टाके कमीजास्त आले तर? हात घट्ट-सैल करून जमवायचं का?

बी-१०१: अजिबात नाही. चार ओळी आवळून विणशील, मालिका बघायला लागलीस की हात पुन्हा आपल्या वळणावर. टाके जास्त आले तर जाड सुई घे, कमी आले तर बारीक.

बी-३०४: आजी, माझ्या मफलरचं बघा ना. दोन्ही कडा आत वळून नुसती नळी झालीय. एक ओळ सुलट, एक उलट असं साधंच विणतेय. इस्त्री फिरवू का?

बी-१०१: त्या विणीचा स्वभावच तो. बाजूच्या कडा मागे वळणार, खालची-वरची पुढे. लोकर कुठली आहे?

बी-३०४: ॲक्रिलिक.

बी-१०१: मग इस्त्री लांब ठेव. गरम इस्त्री लागली की ॲक्रिलिक लुळं पडतं, पुन्हा उभारी धरत नाही. मफलरला दोन सुलट-दोन उलट घ्यायचं, किंवा सगळ्या ओळी सुलट. दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि वळतही नाही.

बी-३०४: उसवते.

सी-४०२: ए-२०३, तुझी लोकर खरी आहे ना? चौकोन कोमट पाण्यात नुसता बुडव. चोळू नकोस, पिळू नकोस. टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि आडवा वाळव. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि वीण आटते. आटलेली लोकर परत सुटत नाही.

रविवार

ए-५०१: कुणी जागं आहे का? पुढचा भाग चालू आहे आणि डाव्या वेणीचा एक वळसा उलटा पडलाय. दहा ओळी खाली. सगळं उसवू की डोळेझाक करू?

बी-३०४: कोण बघतंय! चालू दे.

बी-१०१: मला इथून दिसतंय. उसवू नको, फक्त वेणीचे सहा टाके सोडव. वेणीपर्यंत विणत ये, तिथे थांब. ते सहाच टाके सुईवरून उतरव आणि चुकलेल्या वळशाच्या खालच्या ओळीपर्यंत सावकाश खाली ने. प्रत्येक ओळीचा धागा शिडीच्या पायरीसारखा आडवा लोंबत राहील. त्याला घाबरायचं नाही.

ए-५०१: आजी, छाती धडधडतेय. उतरवले.

बी-१०१: आता खालचे सहा टाके दोन्हीकडून टोकं असलेल्या बारीक सुईवर घे. तीन टाके पुढे की मागे, ते आधी नक्की कर, उजव्या वेणीकडे बघून. मग सर्वांत खालची पायरी घे आणि त्या धाग्याने सहा टाके विण. मग त्याच्या वरची पायरी. क्रम चुकवू नकोस.

ए-५०१: चार पायऱ्या झाल्या. कडेचे टाके ढगळ दिसतात.

बी-१०१: दिसणारच. सगळं झालं की सुईच्या टोकाने तो ढगळपणा शेजारच्या टाक्यांत वाटून टाक. उरलेलं धुतल्यावर बसतं.

ए-५०१: झालं!! फोटो बघा. कुठे चुकलं होतं ते मलाच सापडत नाहीये.

सी-४०२: वा. पुढच्या वेळी दर वळशाच्या ओळीला शिवणाचा वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेव. उसवायची वेळ आली तर तिथवर बिनधास्त सुई काढता येते, टाके दोऱ्यावर थांबतात. पिसासारख्या केसाळ लोकरीला तर हवाच, ती उसवताना जीव काढते.

ए-२०३: चौकोन वाळला. १७ टाके आले.

सी-४०२: एक कमी. साडेचार मिमी, म्हणजे ७ नंबर घेऊन बघ. पुन्हा चौकोन.

ए-२०३: पुन्हा????

सी-४०२: पुन्हा. आणि १८ आलेच तर बाह्यांचा हिशेब आत्ताच करून ठेव, सगळ्यांचं घोडं तिथेच अडतं. एलिझाबेथ झिमरमन म्हणून विणकामातल्या मोठ्या जाणकार होत्या, त्यांची टक्केवारीची पद्धत मी वापरतो. अंगाचे टाके १०० टक्के धरायचे. मनगटाला त्याचे २०, दंडाला साधारण ३३. तुझे १८०, म्हणजे मनगटाला ३६ आणि दंडाला ६०. वाढवायचे २४, दोन्ही कडांना एकेक असे एका वेळी दोन, म्हणजे बारा वेळा वाढ. बॉर्डरच्या वर मुंढ्यापर्यंत ४० सेंमी हवी असेल तर १० सेंमीला २४ प्रमाणे ९६ ओळी होतात. दर आठव्या ओळीला वाढव.

ए-२०३: काका, हे इतकं सोपं होतं?

बी-१०१: मी टक्केबिक्के काही करत नाही. ज्याचा स्वेटर त्याचा नीट बसणारा जुना स्वेटर मागवायचा आणि माप घ्यायचं. काहींचे दंड टक्क्यांत बसत नाहीत.

सी-४०२: माझा बसत नाही, मान्य. पण माझ्या बाह्या टक्क्यांमुळे अडल्या नाहीत. एक झाली, दुसरी घ्यायचा उत्साह येत नाहीये.

बी-१०१: दोन्ही एकाच लांब सुईवर घ्यायच्या होत्या, दोन गुंडे लावून. एकाच ओळीत वाढ, एकाच ओळीत घट. लांबीत फरक पडायला जागाच नाही, आणि संपतातही एकदम. आता एक झालीय तर तिच्या ओळी मोजून कागदावर लिहा आणि मुकाट्याने बसा.

सी-४०२: बसतो.

बी-३०४: नवीन अडचण. मफलर दोन-दोनने घेतला, सुंदर चाललाय, पण राखाडी लोकर संपत आली. कुणाकडे आहे?

ए-२०३: माझ्याकडे तीच कंपनी, तोच शेड नंबर, एक गुंडा शिल्लक आहे.

सी-४०२: गुंड्याच्या कागदी पट्टीवरचा लॉट नंबर बघा. शेड एक असली तरी रंगवायची खेप वेगळी असेल तर जोड उन्हात उठून दिसतो.

ए-२०३: वेगळा आहे.

बी-३०४: गेलं सगळं.

बी-१०१: काही गेलं नाही. तुझी लोकर संपायच्या आधीच तिची घे. तुझ्या गुंड्याच्या दोन ओळी, तिच्या दोन ओळी असं हातभर विण, मग पुढे तिचीच. फरक मिसळून जातो. जुना धागा तोडायचा नाही, कडेने वर न्यायचा, पण ओढून धरू नकोस, नाहीतर ती कड आखडेल.

बी-३०४: आत्ताच येते घ्यायला.

ए-२०३: आठनंतर ये ना. आणि बेल नको, बाळ झोपलेलं असेल. दारातून मेसेज कर, मी गुंडा बाहेर आणून देते.