मदत हवी आहे: मुलांवरचा अत्याचार ओळखून कळवायचं ट्रेनिंग शिक्षकांना कसं द्यावं?
प्राथमिकच्या १४ शिक्षकांचं ट्रेनिंग माझ्याकडे आलंय, दोनच तास मिळतायत. पहिल्या सेशनला लक्षणं सांगून झाली, म्हणजे नडगीवरचा व्रण पडूनही होतो पण कानावर, मानेवर, पोटावर दिसला तर थांबून बघा, मूल एकदम गप्प झालं, घरी जायला टाळू लागलं तर लक्ष ठेवा, सगळं पाठ झालंय त्यांचं. पण रोल-प्लेमध्ये मूल झालेल्या बाई "कुणाला सांगू नका ना" म्हणाल्या तर समोरच्या बाई पटकन "नाही सांगत हं बाळा", आणि लगेच "काकांनीच मारलं का?" नको तेच दोन्ही! मायेपोटीच होतं ते, पण मुलाच्या तोंडात शब्द घातले की पुढे त्याच्याच सांगण्यावर शंका घेतात. शिवाय "उगाच कुणाचं नाव खराब होईल" म्हणून कळवायला हात अडतो, संशय पुरेसा आहे, पुरावा शोधणं आपलं काम नाही हे कितीही सांगा. कुणाला कळवायचं ते लेखी ठरलंय, समुपदेशकही आहेत, बाहेरचा तज्ज्ञ बोलवायला बजेट नाही, खऱ्या मुलांच्या केसेस वापरायच्या नाहीत. ज्यांनी असं ट्रेनिंग घेतलंय त्यांनी प्लीज सांगा, शांतपणे ऐकायचं आणि मुलाचेच शब्द जसेच्या तसे लिहायचे ही सवय कोणत्या सरावाने लागली?