वकिलाच्या क्लार्कने पैसे खाल्ले तर तक्रार कुणाकडे करायची?

गिरणाकाठचा
आमच्याच घरात घडलंय म्हणून लिहितोय. बाबांचा बांधाचा दावा, तालुक्याच्या कोर्टात सहा वर्षं चालू. कोर्टाने मोजणीचा हुकूम केला, फी भरायला सांगितली. वकीलसाहेबांच्या क्लार्कने कोर्टाच्या आवारात निंबाखाली उभं राहून बाबांकडून १४,५०० रुपये रोख घेतले. पावती मागितली तर खिशातल्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर मागच्या बाजूला आकडा आणि तारीख लिहून दिली, सही नाही की काही नाही. वर म्हणे अप्पा तुम्ही कशाला उन्हातान्हात येता, तारीख लागली की मी फोन करतो ना. सात महिन्यांनी भाच्याने ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो १६ अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक, टाकून पाहिला तर दावा खारीज, फी भरली नाही आणि पुकारा झाला तेव्हा कोणी हजर नाही म्हणून! दावा परत बोर्डावर घ्यायचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो, ते दिवस कधीच गेले होते, आता उशीर माफीचा अर्ज वेगळा आणि त्याचा खर्च वेगळा.

वकीलसाहेब म्हणाले मला माहीतच नव्हतं, आजच त्याला काढतो. काढलं पण. आणि दिवाळीनंतर बाबांनी त्याच माणसाला त्याच कोर्टात दुसऱ्या वकिलाच्या टेबलाशी फायली बांधताना पाहिलं.

वकिलाने घोळ केला तर १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम ३५ आहे, बार कौन्सिल सनद निलंबित करू शकते, नावच काढून टाकू शकते. क्लार्कला सनदच नाही तर काढणार काय? माझं स्पष्ट म्हणणं आहे की पक्षकाराच्या पैशाला आणि कागदाला हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंदणी झाली पाहिजे, आणि गडबड केली की ती रद्द झाली पाहिजे.

तापीकाठचा वकील
जळगावला वीस वर्षं प्रॅक्टिस करतो आणि मला हे अजिबात पटत नाही. वकीलपत्र कुणाच्या नावाने असतं? वकिलाच्या. मग क्लार्कने घेतलेले पैसे वकिलाने घेतल्यासारखेच. पक्षकाराच्या पैशाचा हिशोब ठेवणं हे बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. "मला माहीत नव्हतं" हे उत्तरच होऊ शकत नाही, माहीत नव्हतं हाच तर त्याचा दोष! क्लार्कसाठी वेगळं दार उघडलंत तर प्रत्येक वकील पक्षकाराला त्याच दाराकडे बोट दाखवणार, की जा बाबा तिकडे, माझा काही संबंध नाही. आणि क्लार्कवर गुन्हा दाखल होतो की, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, नोकराने केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा आहे, पण तक्रार कोणी करत नाही.

गिरणाकाठचा
साहेब, तक्रार करायला गेलो होतो ना. पोलीस स्टेशनला म्हणाले हे दिवाणी प्रकरण आहे, आणि पुरावा काय तर लग्नपत्रिकेचं पाकीट. कलम ३५ ची तक्रार मुंबईला राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची, कायद्यात एका वर्षात निकाल द्या असं आहे, नाही लागला तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, सत्तरीच्या माणसाने तिथे हेलपाटे घालायचे का? ग्राहक कोर्टाचा रस्ता तर सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्येच बंद केला, वकिलाची सेवा त्या कायद्यात येत नाही म्हणून. बरं एवढं सगळं करून वकिलाला शिक्षा झाली असं धरू, तरी तो माणूस दुसऱ्या टेबलावर बसलेलाच आहे ना? त्याचं काय?

जुना कारकून
भुसावळ कोर्टात ३१ वर्षं काढली म्हणून बोलतो, वाईट वाटून बोलतो. क्लार्क म्हणजे चोर असं लिहू नका भो. सकाळी दहाच्या आत बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, कोण बघतं, नकलेचा अर्ज कोण टाकतं, बेलीफच्या मागे कोण फिरतं, तिकीट कमी लागलं तर स्टॅम्प व्हेंडरकडे उधारी कुणाच्या नावावर? पगार म्हणाल तर वकील देईल तो, बाकी पक्षकाराने खुशीने दिलेल्यावर घर चालवायचं, पीएफ नाही पेन्शन नाही, म्हातारपणी डोळे गेले की घरी बसा. केरळात क्लार्क लोकांसाठी २००३ ला कल्याण निधीचा कायदा झाला, तिथे पण नोंदणी करतात, पण आधी माणसाला काहीतरी देऊन. तुम्ही आमचं नाव पहिल्यांदा लिहिणार ते शिक्षेसाठी?

आन अजून एक. किती वेळा साहेबच म्हणतात पैसे तू घे, माझ्याकडे आणून दे, आन फुटलं की "क्लार्कने खाल्ले". आमच्याकडे तरी कुठे पावती असते साहेबाला दिल्याची? पाकीट अप्पांचंही कोरं आन आमचंही कोरं.

पांझराकाठची वकीलताई
दादा, तुमचा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण त्यावर उपाय नाही असं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर म्हणजे तिथले वकील, त्यांच्या १९७४ च्या सॉलिसिटर्स अ‍ॅक्टमध्ये कलम ४३ आहे, मला ती पद्धत आपल्याकडे हवीशी वाटते. तिथे ऑफिसातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची नोंदणी करत नाहीत, म्हणजे प्रामाणिक माणसाला फॉर्म नाही, फी नाही, काहीच नाही. ज्याने गैरव्यवहार केला, समजा पक्षकाराचे पैसे वळवले किंवा खोटा कागद केला, तेवढ्याच माणसावर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, म्हणजे त्यांची नियामक संस्था, हुकूम काढते, की परवानगी घेतल्याशिवाय याला कुठल्याही सॉलिसिटरने कामाला ठेवायचं नाही. हुकूम जाहीर होतो, कोणीही नाव शोधून बघू शकतं. त्या माणसाने हुकूम लपवून नोकरी धरली तर तो गुन्हा, आणि ठेवणारा वकीलही अडकतो. जन्माची बंदी नाही ती, परवानगी मागता येते, ट्रिब्युनलकडे दादही मागता येते. गिरणाकाठच्या भाऊंनी विचारलं ना, दुसऱ्या टेबलाचं काय? त्याचं नेमकं उत्तर हे आहे.

तापीकाठचा वकील
आपल्याकडे दलालांची यादी आहे की. २०२३ च्या दुरुस्तीने अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये कलम ४५अ आलं, हायकोर्ट आणि जिल्हा न्यायाधीश यादी लावू शकतात, यादीत नाव असून दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद.

पांझराकाठची वकीलताई
सर, ती दलालांसाठी, पैसे घेऊन वकिलाला पक्षकार आणून देणाऱ्यांसाठी. मोजणीची फी खिशात घालणारा त्यात बसत नाही. उलट सुप्रीम कोर्टात बघा, अ‍ॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड, म्हणजे तिथे केस दाखल करू शकणारा वकील, व्हायचं तर नोंदणीकृत क्लार्क ठेवीन अशी हमी द्यावी लागते. दिल्लीत चालतं ते चाळीसगाव-शहाद्याच्या पक्षकाराला नको?

तापीकाठचा वकील
ताई म्हणतात तशा क्लार्कांच्या यादीला माझा विरोध थोडा कमी करतो. पण एक अट. क्लार्कची चौकशी वकिलाला बाजूला ठेवून करायची नाही. त्याच समितीसमोर, त्याच दिवशी, आधी वकिलाला विचारायचं की पैसे कुणी मागितले, तुझ्या रजिस्टरला नोंद का नाही. नाहीतर यादीत सगळी नावं गरिबांचीच दिसतील.

जुना कारकून
ही अट असेल तर मी तयार आहे. भाऊ, तुनी गोट खरी शे, त्या माणसाने तुमच्या वडिलांना बुडवलं. मला त्याच्यासारखा म्हणू नका एवढंच म्हणणं होतं. आन एक काम करा, ते पाकीट फेकू नका. अक्षर त्याचंच आहे ना? ज्या दिवशी पैसे दिले त्या दिवसाचा रोजनामा, म्हणजे कोर्टाने त्या तारखेला काय झालं त्याची केलेली नोंद, आन मोजणीच्या हुकुमाची नक्कल काढून ठेवा. सीएनआर आहेच, नकलेचा अर्ज तुम्ही स्वतः टाकू शकता, मधे कोणी लागत नाही.

गिरणाकाठचा
दादा, मी "प्रत्येकाची नोंदणी" म्हणालो ते मागे घेतो, ताईंनी सांगितलेली यादीच बरोबर वाटते. पाकीट आहे, बाबांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलंय. वकीलसाहेबांवर तक्रार करायला बाबा आजही तयार नाहीत, तो माणूस वाईट नाही म्हणतात, आजोबांचं काम पण त्यांच्याच वडिलांकडे होतं. नकलेचा अर्ज सोमवारी टाकतो, तक्रारीचं बाबांना पुन्हा एकदा विचारून बघतो.