मिरज–कोल्हापूर नोकरदारांची गाडी मागायची आहे, निवेदनात नेमकं काय लिहू?

जयसिंगपूरकर:
राम राम मंडळी. घर जयसिंगपुरात, नोकरी कोल्हापुरात राजारामपुरीला. अकरा वर्षं ये-जा चालू आहे. रेल्वेनं गेलो की परीख पुलाखालून चालत दहा मिनिटांत ऑफिस. मोटारसायकलनं गेलो तर शिरोली नाक्यावरच निम्मा जीव जातो. पण संध्याकाळी काम सुटायची वेळ आणि गाडी सुटायची वेळ यांची सोयरीक काही जुळत नाही. दोन वेळा सह्या गोळा करून एका कार्यालयात निवेदन दिलं. पोच मिळाली, ती फाईलला लावून ठेवली आहे. आता तिसऱ्यांदा जायचंय. कुणी यातलं जाणकार आहे का?

मिरज यार्ड (निवृत्त गार्ड):
तुमच्या निवेदनात ‘जादा गाड्या सोडाव्यात’ असंच असणार. ते वाचून कुणी काही करू शकत नाही. मिरज–कोल्हापूर 47 किलोमीटर, आणि सिंगल लाईन. समोरून गाडी येत असेल तर तुमची लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभी. हातकणंगल्याला क्रॉसिंगची वाट बघत मी किती भडंग खाल्लंय त्याचा हिशेब नाही. म्हणून आधी वेळापत्रक पुढ्यात घ्या, संध्याकाळी लाईन कधी मोकळी असते ते शोधा, आणि तीच वेळ मागा. मिरजेत किंवा कोल्हापुरात नुसता उभा असलेला रेक, म्हणजे डब्यांचा जोडलेला संच, दाखवून दिलात तर आणखी चांगलं.

दुसरं. सांगलीवाल्यांना सोबत घ्या, पण मेमूच मागा, म्हणजे वेगळं इंजिन न लागणारी विजेवरची गाडी. सांगलीहून आलेली गाडी मिरजेत तोंड फिरवते. आमच्या वेळी इंजिन काढायचं, दुसऱ्या टोकाला आणून जोडायचं, ब्रेक तपासायचे, त्यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जायची. मेमूला दोन्हीकडं केबिन. ड्रायव्हर या टोकाचा त्या टोकाला गेला की झालं. आता वरती विजेच्या तारा आल्यात, मग मागायला काय हरकत?

रुकडीचा भाऊ:
काका, सगळं खरं, पण पुराचं काय? 2019 ला पंचगंगा चढली तेव्हा आमच्या इथनं गाड्या बंद झालत्या, 2021 ला परत तेच. आणि गर्दी आहे म्हणून गाडी मागायची, तर आमच्या रुकडीत निम्मी पोरं बिनतिकिटाची बसत्यात. मग रेल्वेला गर्दी दिसणार कुठनं?

हातकणंगले ते विद्यापीठ:
भाऊ, बोललात ते झोंबलं, पण बरोबर आहे 🙂 आमच्या ग्रुपमध्ये एकीनंच पास काढलाय. महिन्याचा पास एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, तरी आळस. शिवाय इचलकरंजीच्या मुली हातकणंगल्यालाच चढतात, त्यांना धरल्याशिवाय आकडा पूर्ण होणार नाही. दादा, निवेदनाला सह्यांऐवजी पासच्या झेरॉक्स जोडल्या तर?

मिरज यार्ड (निवृत्त गार्ड):
शाब्बास पोरी. सही कुणीही करतं. पुराचे दिवस रस्त्यालाही चुकत नाहीत, त्यासाठी बाकीचं वर्ष सोडायचं का? आणि निवेदन स्टेशन मास्तरकडं देऊन उपयोग नाही. वेळापत्रक त्यांच्या हातात नसतं. पुण्याला विभागीय व्यवस्थापकांच्या नावे द्या, प्रत खासदारांना. विभागाच्या प्रवासी सल्लागार समितीवर आपल्या भागातलं कोण आहे ते बघा, त्यांना बैठकीत विषय मांडायला लावा.

जयसिंगपूरकर:
काका, मी खरंच ‘जादा गाड्या सोडाव्यात’ असंच लिहिलं होतं. दोन्ही वेळा. आणि ‘गैरसोय’ हा शब्द एका पानात सात वेळा, आत्ता मोजला.

सोमवारपासून आठवडाभर सकाळी जयसिंगपूरच्या फलाटावर वही घेऊन उभा राहतो. किती चढले, त्यांतले पासवाले किती, कुठं उतरणार, एवढंच विचारायचं. हातकणंगल्याला ताई उभ्या राहतील असं धरतो. रुकडीला भाऊ तुम्ही. वह्या मी आणतो, शंभर पानी.