अनुभव धागा : हॅम रेडिओवरचा एनआर (खरखर दाबणारं नॉइज रिडक्शन) तुम्ही कितीवर ठेवता?

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात ४० मीटरच्या बँडवर एक नवा मित्र भेटला. नुकताच परवाना मिळालेला, व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन (परवान्याचं ओळखनाव), आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाला, "सर, एनआर पंधरावर आहे, तरी तुमचं अर्धंच कळतंय." मी त्याला तो तिनावर आणायला सांगितला. पुढची वीस मिनिटं आम्ही निवांत बोललो.

तेव्हापासून हा धागा काढायचं मनात आहे. सेट कोणताही असो, डिजिटल नॉइज रिडक्शनचं बटण सगळे दाबतात, आकड्याकडे फार कोणी बघत नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या सगळ्यांनी लिहा : सेट कोणता, आकडा किती, आणि तो कसा सापडला.

आधी माझं. मी रत्नागिरीत, आयकॉम ७३००. एनआरचं बटण सेकंदभर दाबून धरलं की ० ते १५ चं माप येतं. माझं तीन किंवा चार. त्याआधी फिल्टरची रुंदी २.४ वरून २ किलोहर्ट्झवर आणतो आणि आरएफ गेन, म्हणजे सेटची संवेदनशीलता, थोडी खाली घेतो. खरखरीमुळेच एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) सेटचा कान दाबत असेल तर नंतर एनआर काय करणार? सगळं झाल्यावर, शेवटी एनआर. तोही समोरच्याचा आवाज टाकीत बोलल्यासारखा होईपर्यंत वाढवायचा आणि तिथून दोन पायऱ्या मागे यायचं.

गुहागर

तुमच्या नव्या मित्राचं दुखणं मी सहा महिने सोसलंय. माझा एनआर बारावर असायचा. शांत वाटायचं, घरातलेही खूश. एकदा एका जुन्या मित्राने भेटीची वेळ सांगितली, "सात." मी ऐकलं "आठ." आठला सेट लावला तर बँडवर कोणी नाही. दुसऱ्या दिवशी तो खरंच दुखावला होता, तासभर हाका मारत बसला होता बिचारा.

मग मी शोधत बसलो की असं का व्हावं. स्वराला एक लय असते, एका क्षणावरून पुढच्या क्षणाचा अंदाज बांधता येतो. खरखरीचा बांधता येत नाही. बहुतेक एनआर हाच अंदाज बांधतात आणि त्यात न बसणारं दाबून टाकतात. पण आपले स, श, फ हे नुसत्या वाऱ्याचे आवाज आहेत, एनआरच्या लेखी तीही खरखरच. "सात"मधला स गेला की उरतं "आत", आणि कान त्याचं "आठ" करून टाकतो. कॉलसाइनमधल्या एस अक्षरासाठी म्हणतात त्या "सिएरा"चं "येरा" होतं ते यामुळेच.

आता आकडे आणि कॉलसाइन घेताना एनआर बंद, गप्पा मारताना चार. आणि आकडा दोनदा म्हणवून घेतो.

देवगड

आमच्याकडचा गोंगाट वेगळा. घर समुद्राला लागून, समोरून विजेची लाइन. दिवाळीनंतर पाऊस नाही, खारा वारा मात्र रोज. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसत जातो. पहाटे दवाने तो ओला झाला की ठिणग्या सुरू. ५० हर्ट्झची वीज, प्रत्येक अर्ध्या फेरीला ठिणगी, म्हणजे सेकंदाला शंभर. रेडिओवर जाड, दातेरी गुरगुर ऐकू येते.

यावर एनआर चालवून पाहिला, व्यर्थ. हा नॉइज ब्लँकरचा (एनबी) धंदा. ब्लँकर प्रत्येक ठिणगीपुरता कान झाकतो, एनआर सलग सळसळ दाबतो. दोन्ही बटणं शेजारी असली तरी कामं निराळी. एनबी चाळीस टक्क्यांवर आणला आणि गुरगुर निम्म्याहून कमी झाली. मात्र शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर जोरकस स्टेशन आलं की एनबी त्यालाच ठिणगी समजतो आणि सगळा आवाज फाटतो. तेव्हा लगेच बंद करायचा.

जूनमध्ये पहिला दणकून पाऊस पडला की इन्सुलेटर धुऊन निघतात. त्या सकाळची मी वाट बघत असतो.

दापोली

निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला. आमच्या वाडीतले माड, पोफळी आडव्या झाल्या. माझा डायपोल (तारेचा अँटेना) दोन माडांना बांधलेला होता, दोन्ही गेले. वीज यायला आठवडे लागले.

चौथ्या दिवशी, जरा कौलं शाकारून झाल्यावर, मी वीस मीटर तार एका उभ्या राहिलेल्या आंब्यावरून फणसावर टाकली. सेट गाडीच्या बॅटरीवर. सुरू केला आणि वाटलं, सेट बिघडलाय. आवाजच नाही. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा काटा एस १ वर. एरवी तो एस ७ वर टेकलेला असायचा. मग डायल जरा फिरवली आणि एकेक आवाज यायला लागला, स्वच्छ, श्वासासकट. एनआर बंद होता. मला हात लावायचीही गरज पडली नाही.

तेव्हा कळलं की जी खरखर मी आभाळाची समजत होतो ती आमच्याच गावची होती. चार्जर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, केबलचा डबा. एस ७ ते एस १ म्हणजे, पायरीला ६ डीबी या हिशोबाने, ३६ डीबी. कुठल्याही सेटमधला एनआर एवढं काढून वर बोलणं शाबूत ठेवेल, यावर माझा विश्वास नाही.

वीज आल्यावर पहिलं काम तेच केलं. सेट बॅटरीवर, घराचा मेन स्विच बंद, मग एकेक एमसीबी चढवत गेलो. तिसऱ्याला काटा उडाला. ओटीवरचा स्वस्तातला बल्ब! तो बदलला, चार्जरच्या वायरीवर खरखर अडवणारी फेराइटची कडी चढवली. आज काटा एस ३ वर असतो, एनआर दोनावर.

मालवण

मी फक्त मोर्स. एनआर चढवला की पहिला "डिट" (टिंबाचा आवाज) गिळला जातो, कारण त्याला सूर ओळखायला क्षणभर लागतो. ५०० हर्ट्झचा फिल्टर लावावा, फारच गर्दी असेल तर २५०. एनआर एक, नाहीतर शून्य.

अलिबाग

एफटी८ (संगणकावरून छोटे डिजिटल संदेश) वाल्यांसाठी एवढंच : एनआर, एनबी, नॉच (एखादी शिट्टी कापणारा फिल्टर) सगळं बंद. संगणकाला कच्चा आवाज द्या.

कुडाळ

झटका मशीनबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माकडं आणि डुकरांसाठी बागांना तारेचं कुंपण घालतात ना, ते. माझ्या रेडिओवर सेकंदाला साधारण एकदा "टक" यायचं. दिवसरात्र. एनआर सगळ्या आकड्यांवर फिरवून झाला, टक तसंच. एनबीने थोडं बोथट झालं. शेवटी छोटा रेडिओ हातात घेऊन संध्याकाळी कुंपणाच्या कडेकडेने चालत गेलो. पन्नासेक पावलांवर टक एकदम मोठं झालं. वाकून बघतो तर ओलं गवत तारेला टेकलेलं आणि तिथे बारीक निळी ठिणगी. बागवाल्या काकांना दाखवली. ते म्हणाले, "तरीच डुकरं घाबरत नाहीत." झटका गवतातूनच जमिनीत जात होता. त्यांनी कोयतीने गवत साफ केलं, माझं टक गेलं. आता दर पंधरा दिवसांनी ते स्वतःच साफ करतात.

चिपळूण

नवीन आहे, प्रश्न विचारतो. एनआर वाढवला तरी मीटरचा काटा खाली येत नाही. सेट खराब आहे का?

रत्नागिरी (धागाकर्ता)

अजिबात नाही. मीटर अँटेनातून आलेली ताकद मोजतो, एनआर त्यानंतर आवाजावर काम करतो. काटा उतरवायचा असेल तर दापोलीकरांसारखा मेन स्विच बंद करून बघा. आणि मे महिन्यात ढगांचा गडगडाट ऐकू आला तर कुठलाच आकडा शोधू नका, अँटेना काढून ठेवा.

वेंगुर्ले

सगळे कमी ठेवा म्हणताय, पण माझ्या वडिलांबद्दल सांगायचंय. वय अठ्ठ्याहत्तर, कानाला यंत्र. तासभर खरखर ऐकली की त्यांचं डोकं दुखतं आणि ते सेट बंद करतात. त्यांच्यासाठी सहा-सात हा आकडा चैन नव्हती, त्याशिवाय ते बँडवर बसूच शकत नव्हते.

पण एक गडबड होती. कानातलं यंत्रही आपल्या परीने गोंगाट कापत असतं. सेटने कापलेलं यंत्र पुन्हा कापायचं आणि शब्दांची साल तेवढी उरायची. आता आम्ही यंत्र काढून मोठे हेडफोन लावतो, आवाज चढवतो, फिल्टर १.८ वर आणि एनआर पाचावर.

काल संध्याकाळी त्यांचे गोव्यातल्या पणजीचे मित्र आले बँडवर, तीस वर्षांची ओळख. बाबांनी न सांगता हात पुढे केला, नॉब पाचावरून दोनावर आणला आणि मला खुणेने गप्प बसायला सांगितलं. खरखर होती, पण त्यांना मित्राचं हसू पूर्ण ऐकायचं होतं.