कोंबडीच्या कूर्चेतलं टाइप-२ कोलॅजेन: जेलवर जादा पट्टी, द्रावण बुळबुळीत

कूर्चा_प्रश्न
ब्रॉयलरच्या छातीच्या हाडाच्या टोकाची कूर्चा, १० ग्रॅम. बारीक चिरून थेट ०.५ मोलर असिटिक आम्ल आणि पेप्सीनमध्ये (प्रथिनं तोडणारं विकर, १ मिग्रॅ/मिली) टाकली, ४ अंश सेल्सिअसला ४८ तास ढवळली. द्रावण बुळबुळीत आणि गढूळ, सेंट्रिफ्यूज करूनही निवळत नाही. ०.९ मोलर मिठाने साका मिळतो, पण एसडीएस जेलवर (प्रथिनाच्या साखळ्या उलगडून आकारानुसार वेगळ्या करणारं) टाइप-२ च्या अल्फा-१ साखळीसोबत आणखी एक पट्टी आहे आणि खालपर्यंत धूसर ओघळ. टाइप-२ च्या तिन्ही साखळ्या एकसारख्याच असतात ना? पेप्सीन थांबवायला पीएमएसएफ (एक विकर-रोधक) घातलं होतं. उंदरांतल्या संधिवाताच्या मॉडेलसाठी हवंय.

जेलवाला
आधी सांगा, जादा पट्टी अल्फा-१ च्या वर आहे की खाली? सगळं त्यावर ठरतं. खाली, म्हणजे जास्त वेगाने धावलेली असेल तर ती टाइप-१ ची अल्फा-२ साखळी. वर असेल तर बहुधा टाइप-११ कोलॅजेन, जे कूर्चेत असतंच, ते १.२ मोलर मिठाला खाली बसतं, म्हणून ०.९ च्या पुढे मीठ जाऊ देऊ नका, आणि तेही थेंबाथेंबाने, ढवळत घाला.
मिलर आणि मटुकास यांनी १९६९ मध्ये कोंबडीच्याच कूर्चेत टाइप-२ हा वेगळा प्रकार ओळखला.
मार्करवर (जेलवरच्या माहीत वजनाच्या प्रथिनांच्या खुणांवर) मात्र विसंबू नका. सुमारे ९५ किलोडाल्टनची साखळी १२०-१३० च्या खुणेजवळ दिसते.

कूर्चा_प्रश्न
खाली आहे.

जेलवाला
मग कूर्चेवरचं आवरण नीट खरवडलेलं नाही. टाइप-१ तिथून येतं. ओली असतानाच, बर्फावर, स्काल्पेलने पांढरट तंतू पूर्ण निघेपर्यंत खरवडा. हाडाकडचा लालसर भाग सरळ कापून टाका. आणि पट्टी फिकट आहे म्हणून सोडून देऊ नका. टाइप-१ मध्ये अल्फा-१ दोन आणि अल्फा-२ एक, आणि टाइप-१ ची अल्फा-१ तुमच्या टाइप-२ च्या पट्टीतच लपते. खालच्या पट्टीची तीव्रता १० असेल तर वरच्या पट्टीतले साधारण २० टाइप-१ चेच.

पेप्सीन_चार_अंश
बुळबुळीतपणाचं कारण अॅग्रीकन, म्हणजे कूर्चेत पाणी धरून ठेवणारं शर्करायुक्त प्रथिन. ते काढल्याशिवाय पेप्सीन घालणं म्हणजे अर्धं काम वाया. खरवडलेली कूर्चा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून कुटा. मग ४ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड, ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.४, वजनाच्या दहापट द्रावण, ४ अंशांना २४ ते ४८ तास. प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी विकरं) रोधक इथे घाला. नंतर गार पाण्याने भरपूर धुवा. ग्वानिडीन उरलं तर पेप्सीन नीट चालत नाही. मगच आम्ल आणि पेप्सीन.
पीएमएसएफचा इथे उपयोग शून्य. ते सेरीन प्रोटिएजवर चालतं, पेप्सीन अॅस्पार्टिक आहे. विरघळलेल्या भागाचा पीएच गारठ्यातच ८ पर्यंत न्या, रात्रभर ठेवा, मग पुन्हा आम्लात घेऊन मीठ. ओघळ त्याचाच असू शकतो: पेप्सीन जिवंत राहिलं आणि द्रावण कुठेतरी गरम झालं, तर उलगडलेली साखळी कापली जाते. त्रिपेडी (तीन साखळ्यांचा पीळ) अखंड असताना पेप्सीन फक्त टोकांचे मोकळे तुकडे कापतं, जिथे आडवे बंध असतात. कुटताना आणि ढवळताना तापमान बघा.

सीडी_स्पेक्ट्रा
संधिवाताच्या मॉडेलसाठी एक गोष्ट राहिली. कितीही स्वच्छ जेल आलं तरी कोलॅजेन मूळ रूपात आहे की जिलेटीन झालंय हे त्यावरून कळत नाही, कारण एसडीएस आणि उकळणं दोन्हींना सारखंच उलगडतं. उलगडलेलं कोलॅजेन टोचलं तर संधिवात येत नाही, आणि दोष उंदरांच्या जातीला दिला जातो. सर्क्युलर डायक्रोइझममध्ये (प्रकाशावरून प्रथिनाची घडी तपासणारी पद्धत) २२१ नॅनोमीटरजवळ धन शिखर हवं. यंत्र नसेल तर उदासीन बफरमध्ये, २० अंशांना ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं दुसरं विकर) लावा, मग जेल करा. मूळ रूप तसंच टिकतं, जिलेटीनची पट्टी गायब होते. शेजारच्या गाळ्यात ५० अंशांना उलगडून घेतलेला नमुना ठेवा, म्हणजे ट्रिप्सिन खरंच काम करतंय हेही दिसेल.