मदत हवी आहे: सीआरएच मेंदूत नक्की असतं कुठे? (तातडीचं)

रानजाई
कोणीतरी पटकन सांगा. पुस्तकात सरळ लिहिलंय की सीआरएच (ताणाचं हार्मोन) हायपोथॅलॅमसच्या पीव्हीएनमध्ये, म्हणजे तिथल्या एका पेशींच्या पुंजक्यात (केंद्रकात) बनतं. सीआरएचला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने रंगवलेल्या माझ्या स्लाइडवर पीव्हीएन ठणठणीत कोरडं, आणि हायपोथॅलॅमसच्या तळाचा भाग, मिडियन एमिनन्स, मात्र झगझगतोय. पुस्तक चुकलंय की मी? शुक्रवारी गाईडना दाखवायचंय. "गूगल कर" म्हणू नका, करून झालंय.

निवृत्त_मास्तर
छान विषय! सीआरएच 41 अमिनो आम्लांचं. वेल आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून त्याची रचना काढली. त्याआधी टीआरएच या हायपोथॅलॅमसच्याच दुसऱ्या हार्मोनसाठी गिलेमिन हे शास्त्रज्ञ मेंढ्यांचे मेंदू गोळा करत होते, त्यांचे प्रतिस्पर्धी शॅली डुकरांचे. लाखांच्या हिशेबात! आणि शेवटी हाती आली तीन अमिनो आम्लं. दोघांचं आपसात हाडवैर, तरी 1977 चं नोबेल एकत्रच घ्यावं लागलं, सोबत रोझलिन यालो.

सूक्ष्मदर्शी
मास्तर, तिने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय!
रानजाई, प्राणी कोणता? कोल्चिसिन दिलं होतं का?

रानजाई
प्राणी म्हणजे उंदीरच की. कोल्चिसिन कशाला? ते गाऊटचं औषध ना?

सूक्ष्मदर्शी
उंदीर म्हणजे रॅट की माऊस? मराठीत दोघं एकाच नावावर खपतात, म्हणून विचारतोय.
कोल्चिसिन अशासाठी: पेप्टाइड (सीआरएचसारखी अमिनो आम्लांची साखळी) बनतं पेशीच्या मुख्य भागात, पण तिथे थांबत नाही. पुड्या बांधून अॅक्सॉनमधून (पेशीच्या लांब धाग्यातून) टोकाकडे रवाना होतं. सीआरएचच्या अॅक्सॉनांची टोकं मिडियन एमिनन्समध्ये, तिथून ते रक्तात उतरून खालच्या पिट्युइटरी ग्रंथीकडे जातं. म्हणजे कारखाना रिकामा आणि गोदाम भरलेलं. कोल्चिसिन ती वाहतूक बंद पाडतं, माल कारखान्यातच तुंबतो आणि अँटिबॉडीला दिसतो. एक-दोन दिवस आधी मेंदूच्या पोकळीत टोचतात.

तिखटमीठ
असहमत. कोल्चिसिन दिलेलं जनावर आजारी पडतं. आणि सीआरएच हे ताणाचंच हार्मोन! आजारी प्राण्यात ताणाचं हार्मोन मोजून काय सिद्ध करणार? त्यापेक्षा इन सिटू हायब्रिडायझेशन करा. त्यात हार्मोन नाही, ते बनवण्याचा निरोप, म्हणजे एमआरएनए, प्रोब लावून शोधतात, आणि तो पेशीच्या मुख्य भागातच सापडतो. मी तर कायम तेच करते.

सूक्ष्मदर्शी
तिला मोजायचं नाही, कुठे आहे ते बघायचंय. आणि शुक्रवारपर्यंत प्रोब कुठून आणणार, तुमच्याकडून?

तिखटमीठ
शुक्रवारपर्यंत कोल्चिसिनला तरी प्राणी-नैतिकता समितीची परवानगी मिळणार आहे का?

ध्यानस्थ
सगळ्या हार्मोनांचं मूळ पिनियल ग्रंथी. रोज पहाटे त्राटक करा, मेलाटोनिन वाढेल.

तिखटमीठ
मेलाटोनिन पेप्टाइड नाही हो, ट्रिप्टोफॅनपासून बनणारा छोटा रेणू आहे. आणि पहाटे ते उतरणीला लागलेलं असतं.

गोठेवाला
इथे हुशार माणसं दिसतायत म्हणून विचारतो. आमची म्हैस बादलीचा आवाज ऐकला की पान्हा सोडते. शेजारी म्हणतो इंजेक्शन मार, पटकन दूध देते. ते ह्यातलंच का?

निवृत्त_मास्तर
ह्यातलंच! ऑक्सिटोसिन. नऊ अमिनो आम्लं, बनतं पीव्हीएन आणि सुप्राऑप्टिक केंद्रकांत, साठतं पिट्युइटरीच्या मागच्या भागात. बादलीचा आवाज आधी मेंदूत पोचतो, तिथून हार्मोन सुटतं, मग पान्हा. म्हशीकडे स्वतःचं आहे, तुम्ही कशाला टोचता?

पोटोबा
सगळे हायपोथॅलॅमसलाच का चिकटलेत? सीसीके आतड्याचं हार्मोन ना? 1975 मध्ये गॅस्ट्रिन या पोटातल्या हार्मोनसारखं काहीतरी म्हणून मेंदूत सापडलं, नंतर ते सीसीके निघालं. कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) भरपूर असतं. सबस्टन्स पी हे पेप्टाइड तर 1931 मध्येच घोड्याच्या आतड्यात आणि मेंदूत सापडलं होतं.

रानजाई
धागा कुठे चाललाय? रॅट आहे, विस्टार जातीचा. कोल्चिसिन दिलेलं नाही. मग पीव्हीएन कधी दिसणारच नाही का?

आडवा_छेद
आल्यापासून एक प्रश्न कोणीच विचारला नाही. ताई, पीव्हीएन आणि मिडियन एमिनन्स एकाच सेक्शनमध्ये (मेंदूच्या कापात) बघताय का?

रानजाई
हो. सगळे तसेच आहेत. एमिनन्स नीट दिसणारे निवडून घेतले, कारण तिथे रंग छान येत होता.

आडवा_छेद
मग झालं की! रॅटचं पीव्हीएन बहुतेक एमिनन्सच्या पुढे संपतं. ब्रेग्मापासून (कवटीवरच्या सांध्याच्या खुणेपासून) साधारण 1.8 मिमी मागे, मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी पंख पसरल्यासारखं दिसतं. तुम्ही ज्याला कोरडं पीव्हीएन म्हणताय ते पीव्हीएन नसावंच. मेंदूच्या पुढच्या बाजूचे सेक्शन काढा. कोल्चिसिनशिवाय पेशी फिकट दिसतील, पण जागा तरी बरोबर असेल. अँटिबॉडीची खात्री करायची तर अमिग्डाला या मेंदूच्या भागाचं मध्यवर्ती केंद्रक बघा, सीआरएच तिथेही असतं.

सूक्ष्मदर्शी
हे मी आधी विचारायला हवं होतं. तरी कोल्चिसिनचं म्हणणं मागे घेत नाही.

निवृत्त_मास्तर
गंमत बघा, कोल्चिसिन आपल्या कळलावी या वेलीतही असतं. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी तिचा कंद वापरत, नाव त्यावरूनच. आणि कळा आणणारं शरीरातलं हार्मोन कोणतं, तर ऑक्सिटोसिन!

तिखटमीठ
कृपया कोणी कंद उकरू नका. विषारी आहे.

रानजाई
पुढचे सेक्शन फ्रीजरमध्ये डबीत पडून आहेत, निरुपयोगी समजून बाजूला ठेवले होते. लॅबला निघाले.

गोठेवाला
कळलावी आमच्या कुंपणावर आहे. म्हशीने खाल्ली तर?

तिखटमीठ
आजच काढून टाका. हातमोजे घालून.