लघवीतलं पोटॅशियम नॉर्मल, मग रक्तातलं कमी कसं?

घोडबंदरची_लेक:
आई 63 वर्षांची, बीपी आहे. महिनाभर रात्री पोटऱ्यांत गोळे येत होते म्हणून रक्त तपासलं तर पोटॅशियम 3.1. मग डॉक्टरांनी 24 तासांची लघवी तपासायला सांगितली, त्यात आलंय 58 आणि बाजूला रेंज लिहिलीये 25 ते 125, म्हणजे नॉर्मलच ना? डॉक्टर सोमवारी भेटणार, तोपर्यंत घरात सगळ्यांचं डोकं फिरलंय, बाबा रोज दोन शहाळी आणतायत.

ऐरोलीकर_79:
ताई, ती रेंज रक्त ठीक असणाऱ्या माणसाची आहे हो. रक्तात 3.5 च्या खाली गेलं की किडनीने पोटॅशियम धरून ठेवायला पाहिजे, लघवीतून 25-30 च्या आत यायला हवं, आणि इथे 58 चाललंय म्हणजे टाकीत पाणी कमी आणि खालचा नळ चालूच. जुलाबाने कमी झालं असतं तर लघवीतला आकडा खाली असता. बीपीची गोळी कुठली आहे? माझ्या वडिलांचं हेच झालेलं, पाणी काढणारी गोळी होती.

घोडबंदरची_लेक:
हो, क्लोरथॅलिडोन आहे! बंद करू का?

ऐरोलीकर_79:
अजिबात नाही, स्वतःच्या मनाने नको, बीपी चढेल. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा आणि मॅग्नेशियम बघितलंय का विचारा, ते कमी असेल तर पोटॅशियम कितीही द्या, टिकत नाही. गोळी बदलूनही कमीच राहिलं तर अल्डोस्टेरॉनची (किडनीतून पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारं हार्मोन) टेस्ट लागते का तेही विचारा. आणि हो, पापड लोणचं कमी करा, मीठ जास्त गेलं की या गोळीवर पोटॅशियम अजून वाहून जातं.

लॅबवाला_कळवा:
लघवी नीट जमा केली होती का? पहिल्या दिवशी उठल्यावरची पहिली टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून सगळी कॅनमध्ये. निम्मे लोक इथेच चुकतात, दुपारी बाहेर गेले की तिकडेच उरकून येतात 😅 रिपोर्टमध्ये लघवीतलं क्रिएटिनिन (किडनी रोज बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) दिलं असेल तर त्यावरून लघवी पूर्ण जमा झाली का याचा डॉक्टरांना अंदाज येतो.

घोडबंदरची_लेक:
अय्यो, आत्ता विचारलं तर म्हणते संध्याकाळी नौपाड्यात हळदीकुंकवाला गेले होते, तिथे एकदा जाऊन आले, कॅन घेऊन जायचा का लोकांकडे! परत करावी लागेल का?

लॅबवाला_कळवा:
हाहा काकूंचंही बरोबर आहे. पण बघा, एक वेळची राहिली म्हणजे खरा आकडा 58 पेक्षा जास्तच असणार, त्यामुळे किडनीतून जातंय हे काही बदलत नाही. डॉक्टरांना मात्र सांगा. शहाळ्यांचंही त्यांना विचारूनच, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे किडनी कमी काम करत असेल, किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची दुसरी गोळी सोबत असेल तर पोटॅशियम उलट वर जाऊ शकतं. आणि सोमवारच्या आधी छातीत धडधडलं किंवा हातपाय एकदम लुळे वाटले तर थांबू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या.

घोडबंदरची_लेक:
ओके दादा. बाबांना शहाळी थांबवायला सांगितलं, आजची दोन मीच प्यायले.